सोलापूरच्या उन्हात टिकेल असा बजेट गेमिंग पीसी: कोटेशन खालून वर वाचा

दुकानातून कोटेशनचा कागद हातात आला की तो खालून वर वाचा. वरच्या ओळींत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड असतं आणि घासाघीसही त्यावरच होते. तळाला मात्र एकच मोघम ओळ असते: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे बाहेरचा डबा आणि आतला वीज पुरवणारा भाग. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, वॉटचा आकडा असला तर असला. स्वस्तात जोडलेली मशीन दोन उन्हाळ्यांत दम तोडते, तेव्हा चूक बहुतेक वेळा याच ओळीत झालेली असते.

यूट्यूबवरच्या याद्या चांगल्या असतात, पण त्या एसी खोलीत, स्थिर व्होल्टेजवर तपासलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली रात्री अकरालाही तापलेली असते. लाइट जाते आणि येते. यंत्रमागाच्या वस्तीत, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक किंवा विडी घरकुलकडे, हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. हे तिन्ही धरून पार्ट निवडले तर तेवढ्याच पैशात जास्त वर्षं टिकणारी मशीन मिळते.

पैसे कुठे घालायचे

भाव आठवड्याला बदलतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमने तर सगळी गणितं मोडली. म्हणून रुपयांपेक्षा वाटा लक्षात ठेवा. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस सोडून उरलेल्या १०० रुपयांतले ३५ ते ४० ग्राफिक्स कार्डाला, साधारण २७ प्रोसेसर आणि मदरबोर्डला मिळून, १८ ते २० रॅम आणि एसएसडीला, ९-१० एसएमपीएसला आणि ६-७ कॅबिनेटला. रॅम महागली असेल तर तो खड्डा प्रोसेसर एक पायरी खाली आणून भरा. एसएमपीएसच्या वाट्याला हात लावू नका.

त्याआधी एक प्रश्न सोडवा: स्क्रीन कोणती आणि गेम कोणता? व्हॅलोरंट आणि सीएस २ हे प्रोसेसरवर जोर टाकणारे गेम आहेत. तिथे मधल्या दर्जाचं कार्डही १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या) स्क्रीनला पुरतं. सायबरपंकसारख्या मोठ्या कथेच्या गेममध्ये भार कार्डावर येतो. बजेट मशीनसाठी १०८० पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांची स्क्रीन) हीच योग्य जागा. १४४० पी मॉनिटर घेऊन त्यावर बजेट कार्ड लावलं तर मॉनिटरचेही पैसे वाया आणि कार्डाचीही दमछाक.

ग्राफिक्स कार्ड

१०८० पी साठी ८ जीबी मेमरी ही किमान रेषा माना. ४ जीबीचं कार्ड आज नवीन घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. नवे गेम टेक्स्चर भरताना ४ जीबी ओलांडतात, मग सरासरी एफपीएस (कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं तो आकडा) ठीक दिसतो आणि तरीही खेळताना चित्र मध्येच अडखळतं.

रेडिऑन आरएक्स ६६०० हे २०२१ चं कार्ड अजून कुठे शिल्लक असेल, तर बजेटमध्ये ते चांगलंच आहे: ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, ८ पिनचं एकच कनेक्टर. त्याच्या पुढे आरएक्स ७६०० (१६५ वॉट) आणि आरटीएक्स ४०६० (११५ वॉट). ४०६० चा खरा फायदा कमी वॉटमध्ये आहे. जेवढे वॉट कमी तेवढी खोली कमी तापते, आणि मे महिन्यात हा फरक खुर्चीत बसल्या बसल्या जाणवतो. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०५० आणि ५०६० ही कार्डंही ८ जीबीचीच आहेत, तेव्हा त्या दिवशीच्या भावावर निर्णय घ्या.

इथे नावांचे सापळे बरेच आहेत. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारची मिळते. ८ जीबीची १३० वॉटची आणि ६ जीबीची ७० वॉटची. फरक नुसत्या मेमरीचा नाही. ६ जीबीवालीत कोअरही कमी आहेत आणि मेमरी बसही अरुंद, १२८ च्या जागी ९६ बिट. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: १२ जीबीची १९२ बिट, ८ जीबीची १२८ बिट. कोटेशनवर नुसतं ‘३०५०’ किंवा ‘३०६०’ लिहिलेलं चालवून घेऊ नका, जीबी लिहून घ्या.

६ जीबीच्या ३०५० ला मात्र एक चांगली जागा आहे. ऑफिसमधून निघालेली जुनी ब्रँडेड मशीन घरात असेल आणि तिच्या एसएमपीएसला ग्राफिक्सची वायरच नसेल, तर हे कार्ड बहुतेक मॉडेलांत स्लॉटमधूनच वीज घेतं. अशा मशीनचा एसएमपीएस बदलायचा म्हटलं तर अनेकदा मदरबोर्डचा कनेक्टर कंपनीचा खास असतो, साधा २४ पिनचा बसतच नाही. कॅबिनेट बुटकं असेल तर लो-प्रोफाइल कार्ड लागेल, ते आधी मोजा.

आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ४ जीबी मेमरी हे एक कारण. दुसरं कारण असं की हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी ४ च लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. पीसीआयई (कार्डाच्या स्लॉटची पिढी) ४.० च्या बोर्डवर ते कसंबसं निभावतं, पण ३.० च्या बोर्डवर वाट निम्मी होते आणि मेमरी भरली की गेम रखडतो. आरएक्स ६६०० आठ लेन वापरते, त्यामुळे ३.० बोर्डवरही तिचं फारसं बिघडत नाही. इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडतं, पण त्याला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रिसायझेबल बार ही सोय चालू लागते आणि बजेट प्रोसेसरसोबत काही गेममध्ये त्याचे एफपीएस चांगलेच खाली येतात. जुन्या मशीनमध्ये टाकायला ते कार्ड नाही.

सेकंडहँड कार्ड घेणं वाईट नाही, पण ते चालू मशीनवर बघूनच घ्या. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर न्या. जुन्या चिपवर खोटा बायोस चढवून ‘१०५० टीआय’ म्हणून विकलेली कार्डं ते बऱ्याचदा ‘फेक’ असं थेट दाखवतं. आरएक्स ५८० दाखवली तर शेडरचा आकडा बघा: मूळ कार्डात २३०४, हलक्या प्रकारात २०४८. मग अर्धा तास लोड टेस्ट चालू ठेवा. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसले, ड्रायव्हर बंद पडून पुन्हा चालू झाला, किंवा पंखा डगमगत फिरताना आवाज करत असेल तर सौदा तिथेच थांबवा. मायनिंगमध्ये वापरलेल्या कार्डाची चिप बहुधा ठीक असते, झिजतात ते पंखे, थर्मल पॅड आणि मेमरी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकत्रच ठरवा

बजेटमधले दोन खात्रीचे पर्याय: रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५ १२४०० एफ. दोन्ही ६ कोअर, १२ थ्रेड. पैसे आणखी कमी असतील तर आय३ १२१०० एफ, ४ कोअर ८ थ्रेड. व्हॅलोरंटला तो आजही चांगला चालतो, पण मोठे गेम, मागे डिस्कॉर्ड आणि ब्राउझर असं एकत्र चाललं की तो काठावर येतो.

रायझनमध्ये ५६००, ५५०० आणि ५६०० जी ही तीन नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे आणि बाकी दोघांत १६. गेमला कॅशचा फरक पडतो. शिवाय ५५०० आणि ५६०० जी पीसीआयई ३.० वरच चालतात, बोर्ड ४.० चा असला तरी. म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर ५६०० जी ला जादा पैसे देण्यात अर्थ नाही. कार्डाचे पैसे सहा-आठ महिन्यांनी येणार असतील, तेव्हाच ५६०० जी घ्या. तिच्यातल्या ग्राफिक्सवर हलके गेम कमी सेटिंगला चालतात, आणि तोवर काम अडत नाही.

इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. मशीन जोडून झाल्यावर ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून जे फोन होतात, त्यांतल्या पुष्कळांत मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावलेली असते. या प्रोसेसरांवर ते पोर्ट मेलेलंच राहणार. केबल खाली, ग्राफिक्स कार्डाला लावा.

५६०० साठी बी५५० बोर्ड घ्या, कारण पीसीआयई ४.० तिथे मिळतं. ए५२० आणि बी४५० वर ३.० च. बी४५० स्वस्त मिळाला तर विचार करा, पण बायोस जुना असेल तर ५००० मालिकेतला प्रोसेसर ओळखला जाणार नाही: पंखे फिरतील, दिवे लागतील, स्क्रीन काळी राहील. बायोस फ्लॅशचं बटण मागे असलेला बोर्ड असेल तर पेनड्राइव्हवरून, प्रोसेसरशिवायही अपडेट होतो. नसेल तर दुकानदाराकडून अपडेट करूनच घ्या, आणि ते पैसे देण्याआधी ठरवा.

१२४०० एफ साठी एच६१० चालतो. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि रॅम ३२०० च्या पुढे नेता येत नाही, हे मान्य असेल तर पैसे वाचवा. बी६६० किंवा बी७६० परवडला तर पॉवर देणाऱ्या भागावर हीटसिंक असलेला निवडा. १२४०० एफ बेस ६५ वॉट म्हणतो, पण टर्बोत ११७ वॉटपर्यंत जातो. ४० अंशांच्या खोलीत उघड्या मॉस्फेटवर (पॉवर देणाऱ्या त्याच चिपांवर) हा भार तासन्‌तास देणं मला पटत नाही.

पुढे अपग्रेड करायचंच असेल तर एएम५ सॉकेट आणि रायझन ५ ७५०० एफ हा रस्ता आहे. सॉकेट २०२२ चं, आणि एएमडीने ते किमान २०२७ पर्यंत चालवण्याचं जाहीर केलं आहे. मात्र तिथे डीडीआर५ च लागते. रॅमचे भाव चढलेले असताना हा रस्ता बजेटच्या बाहेर जातो. घरात डीडीआर४ च्या चांगल्या कांड्या पडून असतील तर तर नक्कीच जुन्या सॉकेटवर राहा.

ऑनलाइन दिसणारे ‘झिऑन कॉम्बो’, म्हणजे एक्स९९ बोर्ड, जुना सर्व्हर प्रोसेसर आणि रॅम एकत्र, हे कोअरच्या मोठ्या आकड्यामुळे भुरळ घालतात. गेमला एकेका कोअरचा वेग लागतो आणि तिथेच ते मागे पडतात. विंडोज ११ च्या यादीतही ते प्रोसेसर नाहीत. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, तेव्हा अडचण दुहेरी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

रॅम, एसएसडी

१६ जीबी, पण ८-८ च्या दोन कांड्या. एकच १६ ची लावली तर मेमरीची वाट एकेरी राहते. ५६०० जी वर तर हा फरक सगळ्यात जास्त, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. बोर्डवर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. ३२०० ची रॅम लावली म्हणजे ३२०० वर चालते असं नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करेपर्यंत ती २१३३, २४०० किंवा २६६६ वरच राहते. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर वेग दिसतो, तो बघून खात्री करा.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या. एम.२ आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटा असतात आणि त्यांचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकतो. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो, म्हणून १ टीबी परवडली तर तीच. जेन ३ (पीसीआयई ३.० ची) पुरेशी आहे, आणि ती जेन ४ पेक्षा थंड राहते. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१, ही फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. बसवताना एम.२ चा इवला स्क्रू बोर्डच्या खोक्यात वेगळ्या पुडीत असतो, खोका टाकून देण्याआधी तो काढा.

एसएमपीएस: इथे घाई नको

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नका, बाजूचं लेबल वाचा. त्यावर तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती ॲम्पिअर लिहिले आहेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. १२ गुणिले ॲम्पिअर म्हणजे खरे वॉट. कॅबिनेटसोबत येणाऱ्या ‘४५० वॉट’च्या डब्यावर १२ व्होल्टसमोर १६ ॲम्पिअर दिसले तर खरी ताकद १९२ वॉट. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३५ च्या पुढचा आकडा असतो.

आता मशीनची भूक मोजा. आरएक्स ६६०० चे १३२, रायझन ५ ५६०० पूर्ण भारात ७६, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ४०-५०. म्हणजे २५० ते २६०. आय५ १२४०० एफ घेतला तर ३०० च्या आसपास. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी लिहिलेल्या आकड्याच्या बऱ्याच वर उडी मारतं. १९२ वॉटचा डबा ही उडी सोसत नाही. गेम सुरू होऊन दहा मिनिटांत मशीन एकदम बंद होऊन रीस्टार्ट होते, ब्लू स्क्रीनसुद्धा न येता. लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात, कार्ड दुरुस्तीला पाठवतात आणि दोष तसाच राहतो. तो डबा जळताना काही वेळा बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

म्हणून ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॉट किमान आणि ५५० आरामात. ५ वर्षांची वॉरंटी देणारं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. मागे ११५/२३० असा लाल सरकपट्टीचा स्विच दिसला तर समजा की आत ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट) नाही, तो घेऊ नका. तो स्विच चुकून ११५ वर राहिला आणि बटण दाबलं तर आवाज होऊन धूर निघतो. ॲक्टिव्ह पीएफसीवाल्याला असा स्विच नसतो. लेबलवर इनपुट १००-२४० व्होल्ट असेल तर संध्याकाळी व्होल्टेज १८० वर घसरणाऱ्या पेठेतही तो स्टॅबिलायझरशिवाय चालतो. काही बजेट मॉडेलांवर २००-२४० लिहिलेलं असतं. अशा भागात ती नकोत.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की मंद पेटतो, ही तक्रार जुन्या घरांत नेहमीची. एसएमपीएस खराब आहे असं वाटतं, पण बहुतेक वेळा अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे थोडा करंट सोडतात, तो अर्थिंगने जमिनीत जायचा असतो. तिसरी पिन नुसती सॉकेटात आहे, मागे वायरच जोडलेली नाही, असं असेल तर पत्र्यावर सुमारे ११० व्होल्ट तरंगत राहतात. वायरमनकडून मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलएवढंच व्होल्टेज आलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. अर्थिंग न्यूट्रलला जोडून ‘काम भागवणाऱ्या’ला तसं करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर अख्खं कॅबिनेट जिवंत होतं.

यूपीएसचं थोडक्यात. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. त्यात १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते, गेमच्या भारात ती काही मिनिटंच टिकते. ती मिनिटं गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यासाठी आहेत. मॉनिटर धरून भार ३०० च्या जवळ जात असेल तर १००० व्हीएच्या वरचा घ्या. लहान यूपीएस बॅटरीवर उलटताना भार न पेलून स्वतःच बंद पडतो आणि मग त्याचा उपयोगच उरत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि त्याची कळ ‘यूपीएस’ मोडवर हवी. दुसऱ्या मोडवर बदलायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात एसएमपीएसमधला साठा संपतो आणि मशीन रीस्टार्ट होते.

कॅबिनेट, ऊन आणि सूत

समोर काच असलेलं कॅबिनेट शोकेसमध्ये छान दिसतं. पण हवा कुठून आत जाणार? समोर जाळी, पुढे १२० मिमीचे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त ठेवली की ती फटींतून बाहेर ढकलली जाते, आणि धूळ येते ती फक्त फिल्टरमधून. आरजीबीचे सहा पंखे उलटसुलट लावण्यापेक्षा हे तीन नीट लावलेले बरे.

खोलीचं तापमान जेवढं वाढतं, पंख्याचा वेग तोच राहिला तर चिपचंही जवळपास तेवढंच वाढतं. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, २५ अंशांच्या खोलीत कार्ड ७० दाखवत असेल तर मे महिन्यात ४० च्या खोलीत ते ८५ कडे जाणार. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश, १२४०० एफ ची १००. तिथे पोहोचलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. म्हणून थंडीत घेतलेली मशीन ७५ च्या आत असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवा. उन्हाळ्यातला साधा उपाय म्हणजे गेममध्ये एफपीएसला मॉनिटरच्या हर्ट्झएवढा लगाम घालणं. १०० हर्ट्झच्या स्क्रीनवर २२० एफपीएस काढून कार्ड नुसतं तापतं. ड्रायव्हरमधून पॉवर लिमिट १० टक्क्यांनी खाली आणलं तरी एफपीएस फारसे जात नाहीत.

कॅबिनेट शहाबादी फरशीवर थेट ठेवू नका, अर्धा फूट उंच स्टुलावर ठेवा. झाडू मारताना उडणारी धूळ बरोबर त्याच उंचीवर असते. कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात तर नकोच. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलसर हवेत धूळ आणि सूत चिकटून हीटसिंकवर नमदा बसतो, तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

यंत्रमागाच्या भागात समोरची जाळी आठवड्याला पुसा, बाकीकडे महिन्याला. दर तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, तोही गच्चीवर किंवा गॅलरीत. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो हवेने प्रमाणाबाहेर फिरून बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डच्या जवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्टॅटिक साठतं.

कुठून घ्यायचं

पुणे-सोलापूर-हैदराबाद एकाच महामार्गावर, त्यामुळे इथले लोक दोन्हीकडे जातात: पुण्यात तपकीर गल्ली, सिकंदराबादला पॅरडाइजजवळचं चिनॉय ट्रेड सेंटर. प्रोसेसर, रॅम, एसएसडी तिकडून किंवा ऑनलाइन आणायला हरकत नाही, ते क्वचित बिघडतात. एसएमपीएस आणि मदरबोर्ड मात्र मी सोलापुरातूनच घ्यायला सांगेन, दोनशे-चारशे जास्त गेले तरी. पहिल्या आठवड्यात बिघडणारे पार्ट हेच, आणि बदलून घ्यायला २५० किलोमीटर जाणं परवडत नाही. बिनबिलाचा भाव १८ टक्के जीएसटीएवढा स्वस्त दिसतो, पण बिल नसेल तर बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी अडते. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर ‘ट्रे’ आहे की ‘बॉक्स’ ते विचारा. ट्रेसोबत कूलर येत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते.

जोडताना जिथे अडतं

बॉक्समधल्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी थापू नका. स्वतः लावायची असेल तर तुरीच्या दाण्याएवढी पुरे. रायझनचा कूलर स्क्रूवाला असेल तर बोर्डवरचे दोन प्लॅस्टिकचे कंस आधी काढावे लागतात. ते काढताच मागची पट्टी निसटते, तिला खालून हात द्या. इंटेलच्या कूलरच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डच्या मागून चारही बाहेर आल्या का ते बघा. एक अर्धवट राहिली तर बायोसमध्येच ९० अंश दिसतात.

प्रोसेसरची ८ पिनची वायर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते आणि ग्राफिक्सची ८ पिनची वेगळी असते. पहिली ४+४ अशी फुटते, दुसरी ६+२. जबरदस्तीने अदलाबदल केली तर शॉर्ट. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला (रायझन ५ ५६०० त्यातलाच) खाली पिना असतात. नंतर कधी कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा आणि मशीन बंद करून कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत उचला. थंडा ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ बदला. १४४ चा मॉनिटर आपोआप १४४ वर जाईलच असं नाही, अनेक घरांत तो वर्षभर ६० वर चालत असतो. मग दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, पंखा आहे तसाच ठेवून, अर्धा तास लोड टेस्ट आणि त्यानंतर तासभर प्रत्यक्ष गेम. एचडब्ल्यू-इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर आणि कार्डाचं कमाल तापमान बघा. ही चाचणी बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी करा. त्या दिवशीचं खोलीचं तापमान आणि हे दोन आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वर्षी तेवढ्याच तापलेल्या खोलीत आकडे ८-१० अंशांनी वर गेलेले दिसले, तर आधी जाळी आणि हीटसिंक साफ करा, आणि तरीही उतरले नाहीत तर पेस्ट बदला.